सोरोर रजा, दिवस सात

इंग्रजी भाषेशी माझं वैयक्तिक भांडण कधीच नव्हतं. पाणीपुरवठा कचेरीत सव्वीस वर्षं मीटरच्या तक्रारी लिहून घ्यायला जेवढी लागते तेवढी ती मला येते. मीटर स्लो, मीटर फास्ट, मीटर गायब. एवढ्यावर तिचं नि माझं बरं चाललं होतं. पण आता मी स्पष्टच सांगते, त्या भाषेने बहिणींवर अन्याय केलाय, ठरवून केलाय, आणि हे मी तिच्या तोंडावर सांगायला तयार आहे. फक्त ते इंग्रजीत सांगावं लागेल, म्हणून राहिलंय.

झालं असं की माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, पित्ताशयात खडे निघाले. अकरा. डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा ताई म्हणाली, "एवढेच? दुखतं त्या मानाने कमी आहेत." ताई शाळेत कवायत शिकवायची. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अजून रस्ता ओलांडताना हात वर करते आणि गाड्या थांबतात. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच राहते, मूलबाळ नाही, दीर-जावा कधीच दूर गेले. जवळचं माणूस म्हणजे मी, आणि तिच्या समोरच्या दारातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्यांना अख्खी इमारत 'शिवणवाल्या' म्हणते.

ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, गुरुवारी सकाळी अकरा वाजता. तारीख ठरल्याबरोबर इमारतीतल्या प्रत्येकाला आपापल्या नात्यातलं पित्ताशय आठवलं. तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी सांगितलं, रोज सकाळी कोमट पाणी प्या, खडे विरघळतात. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, कोमट अजिबात नको, गार प्या. शिवणवाल्या म्हणाल्या, "काही पिऊ नका, काढून टाका. उसवायचंच असेल तर वेळेत उसवलेलं बरं." त्यातल्या त्यात मला हेच पटलं.

सगळे गेल्यावर ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कापाकापीची भीती नाही गं. त्या भुलीची वाटते. झोपवतील आणि उठवायचं विसरतील. तू एक कर. आत नेतील तेव्हा दाराशी उभी राहा. मला दिसलीस की बास."

मला भडभडून आलं. आयुष्यात ताईने मला हुकूम खूप सोडले, पण मागितलं असं कधी काही नव्हतं. "दाराचं काय घेऊन बसलीस," मी म्हटलं, "सात दिवस हलणार नाही तुझ्याजवळून. आमच्या कचेरीत त्याची वेगळी रजा आहे."

आहेच मुळी. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या वसुलीवाल्याने गेल्या वर्षी भावाचा पाय मोडला म्हणून सात दिवसांची भरपगारी रजा घेतली होती आणि सातही दिवस भावाशी पत्ते खेळला होता. आल्यावर कितीतरी दिवस तेच सांगत होता. तेव्हा मी रजेच्या टेबलाकडे गेले. तिथले कारकून प्रत्येक प्रश्नाला "परिशिष्ट बघावं लागेल" म्हणतात, म्हणून त्यांना आम्ही परिशिष्टच म्हणतो. त्यांनी नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, थुंकी लावून पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"नियम एकेचाळीस. फ्रॅटर्नल अटेंडन्स लीव्ह. फ्रॅटर्नल म्हणजे भावाची."

"बरं मग?"

"तुम्ही बहिणीसाठी मागताय."

"भाऊ काय नि बहीण काय!"

"असं कसं, बाई? आईवडिलांसाठी नियम एकोणचाळीस, नवरा-बायको-मुलांसाठी चाळीस, भावासाठी एकेचाळीस. बेचाळीसला एकदम सायकल भत्ता. बहिणीसाठी रजा नाही."

"का नाही?"

परिशिष्ट जरा विचारात पडले. माणूस वाईट नाही. "बहिणीचं तिच्या सासरचे बघतात ना," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. ताईच्या सासरचं उरलंय कोण तर भिंतीवरचा मेहुण्यांचा फोटो. तो भूल देताना दाराशी उभा राहणार होता काय? मी आवाज चढवला. वसुलीवाला मान वर करून बघायला लागला. परिशिष्ट घाबरून म्हणाले, "माझ्यावर कशाला चिडता? फ्रॅटर्नलसारखा बहिणीचा शब्द आणा. इंग्रजीत असेलच की. शब्द असला तर नियमात दुरुस्ती सुचवता येते. शब्दच नसेल तर दुरुस्ती कशात करणार?"

घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "तुझ्या साध्या रजा आहेत ना आठ? त्यातल्या टाक." ताईला फोन केला तर तीही तेच म्हणाली. मी दोघांनाही सुनावलं, की प्रश्न रजेचा नाही, तत्त्वाचा आहे. आमच्या ह्यांनी पेपर वर धरला. ताई म्हणाली, "तत्त्वाला दाराशी उभं राहता येत नाही," आणि फोन ठेवला.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. लॅटिन शिकवायचे. आयुष्यभरात त्यांना मिळून बावीस विद्यार्थी लाभले आणि घरी आपण होऊन प्रश्न विचारायला आलेली मी पहिलीच. त्यांना इतका आनंद झाला की मला खुर्ची देऊन ते स्वतः उभेच राहिले.

"सोरोर!" ते म्हणाले. "लॅटिनमध्ये बहीण म्हणजे सोरोर. फ्रेटर म्हणजे भाऊ. फ्रेटरवरून इंग्रजीत फ्रॅटर्नल, तसं सोरोरवरून सोरोरल. बहिणीचा, बहिणीसंबंधी, बहिणीला शोभेलसा."

मी म्हटलं, मिळाला शब्द, देव पावला. तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण मी विचारलं, "आणखी कुठे वापरतात हा सोरोर?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. मग जरा ओशाळून म्हणाले, "फार नाही वापरत. भावाचं बघा, भरपूर आहे. फ्रॅटर्निटी म्हणजे बंधुभाव. डॉक्टरांची फ्रॅटर्निटी, वकिलांची फ्रॅटर्निटी. मिसळून वागायचं तर फ्रॅटर्नाइझ. मठातले ते फ्रायर, तेही तिथूनच आलेले."

"आणि बहिणीचं?"

"सोरोरिटी म्हणजे कॉलेजातल्या मुलींचं मंडळ. सोरोरल म्हणजे आत्ता सांगितलं ते, पण ते फारसं कुणी वापरत नाही. आणि सोरोरिसाइड."

"ते काय?"

"बहिणीचा खून."

मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे बघा! भावाच्या शब्दातून जगातला सगळा बंधुभाव निघाला, डॉक्टर निघाले, वकील निघाले, साधू निघाले. आणि बहिणीच्या वाट्याला काय, तर एक हॉस्टेलवरच्या पोरींचं मंडळ, एक कुणी न वापरलेला शब्द आणि एक खून! बरं, भावाचाही खून करतात म्हणे इंग्रजीत, त्यालाही शब्द आहे. पण त्याच्या जोडीला बाकीचं इतकं आहे की तो खपून जातो. आमचा सोरोर कुठे खपायचा?

मला शांत करायला प्राध्यापक म्हणाले, "आणखी एक आहे. कझिन. चुलत-मावस भावंडं. त्या शब्दाच्या पोटातसुद्धा मुळात सोरोरच आहे, पार झिजून गेलेला. बाहेरून दिसत नाही इतकंच."

"दिसत नाही म्हणजे काम करतो आणि नाव नाही," मी म्हटलं. "हे तर आम्हाला घरबसल्या माहीत आहे."

परिशिष्टांना शब्दाचा पुरावा हवा होता, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वाचनालयात गेले, मोठ्या कोशातलं पान शोधलं आणि त्याची झेरॉक्स काढली. कचेरीत मात्र साहेबांनी आपला कोश काढला, कपाटाला टेकू म्हणून लावलेला, खिशात मावेल एवढा. त्यात सोरोरल नव्हता. सोरोरिटी नव्हता. होता तो फक्त सोरोरिसाइड. साहेबांनी तो अर्थ मोठ्याने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यासाठी तुम्हाला सात दिवस हवेत?"

सगळा विभाग हसला. सव्वीस वर्षांत मी एक तक्रार पडून राहू दिली नाही, आणि त्या दिवसापासून वसुलीवाला मला रोज विचारायला लागला, "काय बाई, झालं का काम तमाम?" तिथून मी हट्टालाच पेटले.

साहेबांनी अर्ज मुख्य कचेरीकडे पाठवला, पण सोबत काही जोडपत्रं मागितली. पहिलं जोडपत्र, बहीण असल्याचा दाखला. ताईचं आडनाव लग्नानंतर बदललेलं, माझंही बदललेलं. दोघींच्या कागदांवर दोन वेगळे नवरे आणि दोन वेगळी घरं. आम्ही एका आईच्या पोटी आलो हे कुठल्याच कागदाला मान्य नव्हतं. नोंदणी कचेरीत मी तीन दिवस गेले, तिन्ही दिवस पूर्ण रजेचे. पहिल्या दिवशी अधिकारी बैठकीत होते. दुसऱ्या दिवशी अधिकारी होते, पण शिक्का दुरुस्तीला गेला होता. तिसऱ्या दिवशी दोघंही भेटले, तेव्हा म्हणाले, लहानपणापासून दोघींना ओळखणारा साक्षीदार आणा.

मग आणखी एक दिवस. आमच्या जुन्या घराशेजारच्या आजी बसने तासाभराच्या अंतरावर लेकीकडे असतात. त्यांना घेऊन आले. वय अठ्ठ्याऐंशी, ऐकू कमी, उत्साह भयंकर. अधिकाऱ्यांनी विचारलं, "या दोघी बहिणी आहेत हे तुम्ही कशावरून सांगता?" आजी म्हणाल्या, "अहो, आरशापायी रोज सकाळी यांची मारामारी व्हायची. परक्या पोरी असत्या तर आयांनी सोडवली असती. यांची आई दार लावून घ्यायची." अधिकाऱ्यांनी हे शब्दशः लिहून घेतलं, खाली आजींची सही घेतली आणि दाखला दिला. दाखला चांगला जाड कागदावर आहे.

दुसरं जोडपत्र, आजार गंभीर असल्याचं डॉक्टरांचं पत्र. डॉक्टर म्हणाले, "हे ऑपरेशन अगदी साधं आहे." मी म्हटलं, "तसं लिहू नका." ते म्हणाले, "मग पेशंटला काय सांगू?" मी म्हटलं, "पेशंटला साधं सांगा, कचेरीला गंभीर सांगा." यात एक दिवस गेला, आणि ताईच्या हातात नेमकं कचेरीसाठीचं पत्र पडलं. तिने ते दोनदा वाचलं. तिला समजावायला मला रात्रभर तिच्याकडे राहावं लागलं.

"तू येशील ना पण त्या दिवशी?" सकाळी चहा घेताना तिने विचारलं.

"अगं त्याच्यासाठीच तर हे चाललंय सगळं!"

"ते नाही विचारलं मी. येशील ना?"

"येईन म्हणजे येईन," मी वैतागून म्हटलं. मला त्या क्षणी फाइलला टाचणी लावायची होती.

तिसरी गोष्ट जोडपत्राची नव्हती, पाठपुराव्याची होती. मुख्य कचेरीत आवक विभागाने फाइल आस्थापनेला दिली म्हणायचं आणि आस्थापनेने ती आलीच नाही म्हणायचं. दोन दिवस मी त्या दोन खोल्यांमध्ये ये-जा केली. शेवटी फाइल सायकल भत्त्याच्या गठ्ठ्यात सापडली, बेचाळीस नंबरजवळची म्हणून कुणी तरी तिथे घातलेली. शेवटचा अर्धा दिवस रजिस्टर पत्र सोडवून आणायला पोस्टात गेला. पत्र कशाचं? सुनावणीचं. नियम दुरुस्ती समितीपुढे अर्जदाराने स्वतः हजर राहून बहिणीच्या शुश्रूषेची आवश्यकता पटवून द्यावी. गैरहजर राहिल्यास प्रकरण कायमचं बंद.

तारीख, गुरुवार. वेळ, सकाळी साडेनऊ.

ते पत्र घेऊन मी परिशिष्टांकडे गेले. म्हटलं, गुरुवारी सुनावणीनंतर मला साधी रजा लावा. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोटाने ओळ धरली आणि कितीतरी वेळ बोट तिथेच ठेवलं.

"बाई, तुमची एकही रजा शिल्लक नाही."

"आठ होत्या!"

त्यांनी वाचून दाखवल्या. वाचनालय अर्धी, नोंदणी कचेरी तीन, साक्षीदार एक, डॉक्टर एक, मुख्य कचेरी दोन, पोस्ट अर्धी. मी बोटांवर मोजल्या, तर बरोबर आठ. रजा मिळवण्यापायी मी सगळ्या रजा घालवल्या होत्या.  बिचाऱ्या परिशिष्टांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला.

तरी मी हिशेब मांडला. साडेनऊला सुनावणी, अर्धा तास धरा, पाऊण धरा. मुख्य कचेरीपासून हॉस्पिटल रिक्षाने दहा मिनिटं. साडेदहाला मी ताईच्या उशाशी. पुढची गैरहजेरी लागली तर लागली. ताईला भरती करायला शिवणवाल्या जाणार होत्याच. मी ताईला फोनवर म्हटलं, "साडेदहाला पोचते. भाषणच करायचंय, माझं तयार आहे." ताई म्हणाली, "बरं." एवढंच म्हणाली. एरवी ती एका शब्दात फोन कधी ठेवत नाही.

समितीत पाच सभासद, पाचही पुरुष. साडेनऊला दोन आले. दहाला आणखी दोन आले. पाचव्यांशिवाय गणपूर्ती होईना, ते सव्वादहाला आले आणि म्हणाले, चहा होऊन जाऊ दे. मी घड्याळाकडे बघत होते. माझं नाव पुकारलं तेव्हा दहा पंचवीस झाले होते. त्याच क्षणी निघायचं होतं मला. दार चार पावलांवर होतं. पण पहिल्या सभासदाने विचारलं, "बहिणीची एवढी काय आवश्यकता असते?" आणि हे ऐकून मला उठवेना.

मी बोलले. देवाशपथ सांगते, असं मी आयुष्यात बोलले नव्हते. फ्रेटर काढला, सोरोर काढला, सोरोरिटी, खून, कझिनच्या पोटातली बहीण, सगळं काढलं. म्हटलं, माझी बहीण मला शाळेत सोडायची, माझ्या वाटचा मार खायची, माझ्या बाळंतपणात महिनाभर जमिनीवर झोपली, तेव्हा तिने कुठल्या नियमाखाली रजा काढली होती? चार नंबरच्या सभासदांनी डोळे पुसले. पाच नंबरच्यांनी विचारलं, यात सावत्र बहीण येते का, मावसबहीण येते का, मानलेली बहीण येते का. मानलेलीवर तर वीस मिनिटं वाद झाला. मीही त्यात हिरिरीने बोलले. मी म्हटलं, मानलेली कशाला घुसवता, उद्या कुणीही उठून बहीण म्हणेल, रीतसर दाखला असल्याशिवाय कुणालाही बहीण धरू नका. हे वाक्य समितीला इतकं आवडलं की त्यांनी ते ठरावात घातलं.

ठराव एकमताने मंजूर झाला. नियम एकेचाळीस अ, सोरोरल अटेंडन्स लीव्ह, दिवस सात. अध्यक्षांनी माझं अभिनंदन केलं. मी घड्याळ बघितलं, साडेबारा वाजून गेले होते.

रिक्षात मी रिक्षावाल्याला काय काय बोलले मला आठवत नाही. त्याने मध्येच विचारलं, "बाई, माझी काय चूक झाली का?"

ऑपरेशनच्या मजल्यावर एक परिचारिका टेबलाशी बसली होती. मी धापा टाकत ताईचं नाव सांगितलं.

"झालं ऑपरेशन. छान झालं. खोलीत आणलंय, शुद्धीवर येतायत. पण आत एकच नातेवाईक सोडतो आम्ही, आणि त्यांच्याजवळ त्यांची बहीण आहे."

"बहीण मी आहे!"

तिने फॉर्म माझ्याकडे फिरवला. संमतीची सही शिवणवाल्यांची होती. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, बहीण.

"यांच्याकडे दाखला मागितला नाहीत तुम्ही?" मी ओरडले.

"कसला दाखला? पहाटेपासून बसल्या होत्या. पेशंटचा हात धरून पार थिएटरच्या दारापर्यंत आल्या, आणि दार लागल्यावर तिथेच उभ्या राहिल्या. एक तास वीस मिनिटं. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. बहीण नाही तर कोण?"

माझ्या काखेत फाइल होती. जाड कागदावरचा दाखला होता, साक्षीदाराची सही होती, कोशातलं पान होतं, ठरावाची प्रत होती. मी ती टेबलावर ठेवली आणि उघडायला गेले, पण मला उघडवेना.

तेवढ्यात शिवणवाल्या बाहेर आल्या. पायांना सूज आली होती त्यांच्या. मला बघून एकदम अपराध्यासारख्या झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "माफ करा हं. सही लागत होती, नात्याचंच माणूस हवं म्हणाले. अकरा वाजत आले, तुम्ही दिसेनात. मग मी लिहून दिलं. खोटं आहे, ठाऊक आहे मला."

"खोटं नाही," मी म्हटलं.  त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, दार ढकललं आणि मला आत पाठवलं.

ताईचे डोळे अर्धवट उघडे होते. मला बघून तिने ओठ हलवले. मी वाकले.

"झालं का गं तुझं काम?"

"झालं," मी म्हटलं. "मंजूर झालं. सात दिवस. यापुढे सगळ्यांना मिळेल."

"छान झालं." तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आत नेत होते ना, तेव्हा मी मान वळवून बघत होते. त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, धाकटी आहे माझी, येईलच एवढ्यात."

मला कुणावर तरी ओरडायचं होतं. परिशिष्टांवर, समितीवर, त्या पाच नंबरच्या चहावर, अख्ख्या लॅटिन भाषेवर. पण त्यांच्यातल्या कुणी ताईला येते म्हणून सांगितलं नव्हतं. मी स्टूल ओढलं, फाइल पलंगाखाली सरकवली आणि तिचा हात हातात घेतला. तो चांगला ऊब धरलेला होता, इतका वेळ कुणीतरी धरून ठेवल्यासारखा.